तारेखालची पट्टी पंपानेच मारायची

भातावर ड्रोनने फवारा मारायचा म्हटलं की शेतकरी आधी विचारतो, एकराला किती घेता. आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: शेतावरून काय काय गेलंय? पोल, डीपी, पंपाची सर्व्हिस वायर, टॉवरची लाईन, केबलवाल्याची तार, सगळं. फोनवर उत्तर बहुतेक वेळा “काही नाही, एक तार आहे कोपऱ्यात” असं येतं. ती एक तार प्रत्यक्षात तीन निघतात. शेतकरी खोटं बोलत नाही. रोज डोक्यावर असलेली तार माणसाला दिसेनाशी होते, इतकंच.

आमचं बिऱ्हाड बोरिवलीला, काम वसई-पालघर पट्ट्यात. खुद्द मुंबईच्या हद्दीत हा धंदा होत नाही. एक तर विमानतळाभोवतीचं क्षेत्र, त्यात मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात, आणि रुळांलगतच्या भाजीच्या वाफ्यांवर २५ हजार व्होल्टची रेल्वेची तार लोंबत असते. तिथे कुणी कितीही पैसे देऊ केले तरी ड्रोन पेटीतून बाहेर काढायचा नाही. खाली जी पद्धत सांगतो आहोत ती वसई पूर्वेच्या नेहमीच्या शेताची आहे: चारेक एकर भात, मधून आडवी गेलेली २२ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाईन, एका बांधाला पंपासाठी लघुदाबाची, म्हणजे कमी व्होल्टेजची लाईन आणि पलीकडच्या टोकाला २२० केव्हीचे टॉवर. या पट्ट्यात असली शेतं पावलोपावली आहेत. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रातून मुंबईकडे येणाऱ्या २२० केव्हीच्या लाईनी याच तालुक्यांतून घोडबंदरकडे उतरतात.

काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. सरकारी हवाई क्षेत्राच्या नकाशावर शेत हिरव्या भागात आहे ना, हे त्याच दिवशी बघायचं. मागच्या महिन्यात पाहिलं होतं, हे चालत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. फवारणीचा ड्रोन दहा फुटांवर उडतो, म्हणून उंचीचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो शेत नक्की कुठल्या रंगात पडतं याचा. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेल-उरणकडची गणितं बदलली आहेत. बोईसरच्या बाजूला गेलात तर तारापूरच्या अणुवीज केंद्राचं प्रतिबंधित क्षेत्र आहे, तिथे विषयच संपला.

नंतर उपग्रहाचा नकाशा. त्यात तार कधीच दिसत नाही, पण पोलची सावली दिसते. सकाळच्या किंवा दुपारनंतरच्या चित्रात बांधावर बारीक काळी रेघ पडलेली असते, ती पोलची. दोन रेघा सापडल्या की तिसरी कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. टॉवरच्या लाईनीखाली झाडं तोडलेला सरळ पट्टा असतो, तोही ओळखू येतो. मात्र या चित्रावरून उड्डाणाची हद्द आखायची नाही. चित्र आणि जमीन यांत काही मीटरचा फरक असू शकतो, आणि तारेच्या बाबतीत काही मीटर म्हणजे सगळंच. शिवाय बुलेट ट्रेन आणि वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कामांसाठी या भागात लाईनी सरकवल्या जात आहेत. दोन वर्षांपूर्वीचं चित्र म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं शेत.

पहाटे चारला निघालं की फाउंटन नाक्याची ट्रकांची कोंडी टळते आणि उजाडता उजाडता बांधावर पोचता येतं. पोचल्यावर पेटी उघडायची नाही. आधी चालायचं. पूर्ण शेताला वेढा, बांधाबांधाने, आणि मान वर करून नव्हे तर पोलकडे बघत.

तार शोधायची नसते, पोल वाचायचा असतो. लघुदाबाच्या तारेची जाडी करंगळीपेक्षा कमी. वीझल नावाचा कंडक्टर, म्हणजे लाईनीची तार, पावणेआठ मिलीमीटरचा, रॅबिट दहा मिलीमीटरचा. जुना झाला की ॲल्युमिनियमची चमक जाऊन तो राखाडी पडतो, आणि मागे डोंगर किंवा ताडाची झाडं असली तर पन्नास मीटरवरूनसुद्धा दिसत नाही. पोल मात्र दिसतो, आणि तो बरंच काही सांगतो.

पहिली गोष्ट इन्सुलेटर. चार-पाच तारा आणि चिनीमातीचे आखूड गोल गोळे असतील तर लघुदाब. आडव्या किंवा व्ही आकाराच्या लोखंडी पट्टीवर तीन तारा असतील तर उच्चदाब. ज्या पोलवर लाईन ताणून बांधलेली असते तिथे डिस्क, म्हणजे इन्सुलेटरच्या ताटल्या, मोजायच्या: एका तारेला एक डिस्क म्हणजे ११ केव्ही, दोन म्हणजे २२, तीन म्हणजे ३३. टॉवरवर तेरा-चौदा डिस्कची माळ दिसली तर २२० केव्ही. टॉवरच्या अगदी शेंड्यावरून जी एकटी बारीक तार जाते ती अर्थवायर, जाडी साडेनऊ मिलीमीटरच्या आसपास, आणि ती सगळ्यांत शेवटी दिसते.

दुसरी गोष्ट ताण. पोलच्या वरच्या टोकापासून तिरका जमिनीत गाडलेला लोखंडी दोर म्हणजे ताण. तो ज्या बाजूला असतो त्याच्या उलट बाजूला तारेचा ओढा असतो. तेव्हा ताण दिसला आणि त्याच्या विरुद्ध दिशेला तार दिसत नसेल, तर तार नाही असं समजायचं नाही, ती दिसत नाहीये असं समजायचं. झाडांमागे एखादी शाखा वळलेली असते. सरळ लाईनीच्या मधल्या पोलला ताण असेल तर तिथून फाटा फुटलाय का ते बघायचं. एका पोलवर दोन दिशांच्या पट्ट्या असल्या तर फाटा नक्की. खुद्द ताण हासुद्धा धोकाच. ड्रोनवाले पोलपासून अंतर धरतात आणि ताणाचा पाय सात-आठ मीटर शेतात आलेला असतो हे विसरतात. पावसाळ्यात त्यावर वेल चढले की झुडूपच वाटतं.

तिसरी गोष्ट म्हणजे पोलवर नसलेल्या तारा. पंपाच्या खोलीपर्यंत बांबूच्या टेकूवर नेलेली सर्व्हिस वायर, केबलवाल्याची काळी फायबर, पाखरांसाठी बांधलेल्या चकचकीत फिती, पानमळ्याचे तारेचे मांडव, कुंपणाची जीआय वायर. आणि चोरून वीज घ्यायला लाईनीवर टाकलेले आकडे. आकडा टाकलाय हे कुणी कबूल करत नाही, तेव्हा तसं विचारायचंही नाही. “काका, रात्री पंप चालवायला वायर कुठून घेता?” असं विचारलं की बोट आपोआप तिकडे जातं. “गेल्या भातापासून नवीन पोल कुठे उभा राहिला का?” आणि “बंद पडलेली लाईन आहे का कुठली?” हे दोन प्रश्नही ठरलेले. बंद लाईन धोक्याची, कारण तिच्यात वीज नसली तरी पंखा अडकायला तार पुरते. शिवाय ती बंद आहे हे आपल्याला माहीत असतं, फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून वीज आणणाऱ्या लाईनीला, माहीत असेलच असं नाही.

आता उंचीचं गणित, कारण वाद नेहमी इथेच होतो. नियमाप्रमाणे रस्त्यापासून दूर, शेतावर, ११ केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर हवी. त्यावर ३३ केव्हीपर्यंत ५.२ मीटर, पुढे दर ३३ केव्हीला ३० सेंटिमीटर वाढवत गेलं की २२० केव्हीला सात मीटर येतात. निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आलेलं भात मीटरभर उंच. ड्रोन पिकाच्या वर दोन मीटर. म्हणजे पंखे जमिनीपासून तीन-साडेतीन मीटरवर. कागदावर लघुदाबाची तार आणि पंखा यांत जेमतेम मीटरभर उरतो. तोही पोल सरळ उभा असेल तर. खाचरात पाणी तुंबून पोल कलतात, आणि बांधावरून जाताना जमीनच अर्धा मीटर वर येते.

त्यात झोळ, म्हणजे दोन पोलांच्या मध्ये तार जितकी खाली येते ते. तार सारखीच ताणलेली असेल तर झोळ गाळ्याच्या, म्हणजे दोन पोलांमधल्या अंतराच्या, लांबीच्या वर्गाने वाढतो. चाळीस मीटरच्या गाळ्यात तीस सेंटिमीटर झोळ असेल तर ऐंशी मीटरच्या गाळ्यात तो १.२ मीटर होतो, कारण लांबी दुप्पट म्हणजे झोळ चौपट. मधला एक पोल पडून लाईन तशीच लोंबत ठेवलेली असली, आणि वादळानंतर अशा जागा दिसतात, तर नेमकं हेच झालेलं असतं. दुपारी उन्हाने आणि भाराने तार तापते, लांबते, आणखी खाली येते. सकाळी डोळ्यांनी मापलेली उंची दुपारी खरी राहत नाही. म्हणून “तारेखालून आरामात जातो” हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. तारेखालून जायचं नाही, कितीही जागा दिसली तरी. बांबू किंवा टेप उंच धरून तार मापायला तर मुळीच जायचं नाही. पोलच्या उंचीवरून नजरेने अंदाज घ्यायचा. लघुदाबाचा सिमेंटचा पोल बहुतेक आठ मीटरचा असतो आणि त्याचा सुमारे सहावा भाग जमिनीत गेलेला असतो.

मग तारेपासून किती लांब राहायचं? आमचं माप असं. पोलवरच्या सगळ्यांत बाहेरच्या तारेपासून आडवं दहा मीटर, लघुदाब असो वा २२ केव्ही. हे दहा कुठून आले? भरलेला दहा लिटरचा ड्रोन २४-२५ किलोच्या घरात जातो. सेकंदाला पाच मीटर वेगाने तो तारेकडे चाललाय, आणि पायलटला समजून बोट हलायला एक सेकंद गेला, तर पाच मीटर तिथेच संपले. नंतर ब्रेक लागायला आणखी पाच. वेग तीन मीटरवर आणला तर हेच अंतर पाच मीटरच्या आत येतं, म्हणून तारेला लागून असलेल्या फेऱ्यांना वेग तीनच ठेवतो आणि दहा मीटरची हद्द तरी सोडत नाही. उरलेले पाच मीटर वाऱ्याने तार हलण्यासाठी आणि जीपीएसच्या चुकीसाठी. टॉवरच्या लाईनीला मोजायला सोपं पडतं: २२० केव्हीचा मार्गपट्टा ३५ मीटर रुंद धरतात, म्हणजे मध्यापासून साडेसतरा मीटर एका बाजूला, त्याच्याही बाहेर आणखी दहा.

हद्द आखायला आरटीकेचं, म्हणजे साध्या जीपीएसपेक्षा खूप अचूक जागा सांगणारं हँडसेट घेऊन चालतो. तारेच्या बरोबर खालून न चालता दहा मीटर बाजूने, तारेला समांतर, आणि दर वीस-पंचवीस पावलांना बिंदू नोंदवतो. स्क्रीनवर ‘फिक्स’ म्हणजे जागा पक्की मिळाली असं दिसत असेल तरच बिंदू घ्यायचा. ‘फ्लोट’ म्हणजे जागा अजून कच्ची असेल तर थांबायचं, नाहीतर कागदावर दहा मीटर आणि जमिनीवर आठ. पोल, ताणाचा पाय आणि डीपी यांना वेगळे अडथळ्याचे गोल टाकायचे. ताणासाठी गोल पोलभोवती न टाकता ताण जमिनीत जातो तिथे.

तार शेताच्या मधून जात असेल तर शेत दोन आहेत असं समजायचं. दोन वेगळे प्लॅन, उतरण्या-चढण्याच्या दोन वेगळ्या जागा. एका बाजूचं काम संपलं की ड्रोन बंद करून, बॅटरी काढून, दोघांनी उचलून बांधावरून पलीकडे न्यायचा. पंधरा मिनिटं जातात. “वरून नेला तर एक मिनिट” हा मोह प्रत्येक नव्या पोराला होतो. फेऱ्यांची दिशा तारेला समांतर ठेवायची, काटकोनात कधीच नाही. समांतर उडताना यंत्राची चूक झाली तर ती बहुतेक तारेच्या लांबीच्या दिशेने होते आणि काही बिघडत नाही. काटकोनात उडताना प्रत्येक वळण तारेच्या तोंडाशी येतं, आणि वळणावरच ड्रोन हद्दीबाहेर सरकतो.

यापेक्षाही मोठा सापळा सेटिंगमध्ये दडलेला असतो: घरी परतण्याची उंची. बॅटरी कमी झाली, रिमोटशी संपर्क तुटला किंवा काही ड्रोनमध्ये नुसती टाकी रिकामी झाली, तरी ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत उडाल्या जागी येतो. कारखान्यातून आलेली ही उंची कुठे दहा, कुठे पंधरा, कुठे वीस मीटर असते. तीन मीटरवर शिस्तीत उडणारा ड्रोन, टाकी संपली म्हणून, आपण होऊन तारांच्या उंचीत शिरतो. तेही सरळ रेषेत, आपण आखलेली वाट सोडून. म्हणून दोन गोष्टी. उडण्याची जागा अशी निवडायची की शेताच्या कुठल्याही कोपऱ्यातून तिथपर्यंत ओढलेली रेघ एकाही तारेला छेदत नाही. आणि संपर्क तुटल्यावरची कृती ‘परत ये’ऐवजी ‘जागेवर थांब’ ठेवायची, जर मॉडेल ते देत असेल तर. देत नसेल तर उंची आसपासच्या सगळ्यांत उंच तारेच्या बरीच वर. टॉवरजवळ हे शक्यच होत नाही, म्हणून टॉवरच्या बाजूचं शेत असं मॉडेल नेत नाही. टाकी संपल्यावरची कृतीही ‘थांब’. बॅटरीच्या बाबतीत इशारा तीस टक्क्यांवर. दोन किलोमीटर उडायचं नाहीये, परत यायला दहा सेकंद लागतात, मग ताणायची कशाला.

अडथळे टाळणारा रडार आहे ना, असं विचारणारे पुष्कळ. आहे. झाड, भिंत, पोल यांच्यापुढे तो थांबतो. बारीक तारेच्या बाबतीत भरवसा नाही. रडारची लहर तारेवर पडून परत यायला तार काटकोनात समोर हवी. तिरकी असेल तर लहर भलतीकडे परावर्तित होते. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सेन्सरला सकाळचा समोरचा सूर्य, धुकं आणि भिंगावर उडालेलं औषध हे तिन्ही आंधळं करतात. खाली बघणारा रडार पिकापासूनची उंची धरतो, वर काय आहे हे त्याला ठाऊकच नसतं; बांधावर एरंडाचं झुडूप आलं की तो इमानाने ड्रोन वर उचलतो. वर तार असली तरी. सेन्सर चालू ठेवायचे, पण प्लॅन ते नाहीत असं समजून करायचा.

कंपासबद्दल एक गैरसमज आहे. उच्चदाबाच्या तारेने कंपास फिरतो असं म्हणतात. तारेतला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, त्याचा त्रास अगदीच नसतो असं नाही, पण जास्त घोटाळा लोखंडाचा. टॉवरचा पाय, मोरीच्या स्लॅबमधल्या सळ्या, शेजारी उभी केलेली पिक-अप. गाडीच्या टपावर ठेवून कंपास कॅलिब्रेट केला आणि मग ड्रोन भोवऱ्यासारखा सरकत तारेकडे गेला, तर दोष तारेचा नाही. कॅलिब्रेशन उघड्या खाचराच्या मधल्या बांधावर, गाडी आणि टॉवर दोन्हींपासून तीसेक मीटर दूर.

उड्डाणाला तीन माणसं लागतात. पायलट, औषध-बॅटरीवाला आणि तारेवरचा माणूस. तिसऱ्याशिवाय तारेजवळची फेरी होत नाही. त्याची जागा महत्त्वाची. पायलटला दीडशे मीटरवरून ड्रोन तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे कळू शकत नाही. तेवढ्या अंतरावर दोन डोळ्यांना खोली समजत नाही, ड्रोन तारेला टेकल्यासारखाच दिसतो. म्हणून तिसरा माणूस लाईनीच्या रेषेत, पोलपासून पंधराएक मीटर मागे, असा उभा राहतो की तारा त्याच्या नजरेसमोर एकामागे एक येतात. तिथून ड्रोन आणि तार यांतलं आडवं अंतर सरळ दिसतं. वॉकीटॉकीवर त्याने बोलायचा शब्द एकच, “थांब”. “जरा इकडे”, “डावीकडे घे” असलं काही नाही, कारण त्याची डावी आणि पायलटची डावी वेगळी. “थांब” ऐकलं की पायलटने काठ्या सोडायच्या, ड्रोन जागेवर उभा राहतो, मग बोलणं. ही शिस्त शेतावर शिकवता येत नाही. मैदानात टाकीत साधं पाणी भरून घोटून घ्यावी लागते.

तारेजवळची फेरी पहिली मारायची, शेवटची नाही. सकाळी डोळे ताजे, वारा पडलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरात अकराच्या सुमारास खारा वारा उठतो. वारा तारेकडून शेताकडे वाहत असेल तरच ती फेरी. उलट असेल तर ड्रोनही तिकडे ढकलला जातो आणि तुषारही. किनाऱ्याजवळच्या इन्सुलेटरवर आधीच मिठाचा थर असतो, त्यावर औषधाचं पाणी बसलं की ठिणगी उडायला निमित्त मिळतं. आणि सूर्य समोर ठेवून उडवायचं नाही, हे कोणी सांगायला नको.

तारेजवळची फेरी आधी मारण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते माणूस बसून उडवायच्या विमानांच्या अनुभवातून आलंय. आपल्याकडेही एके काळी विमानाने फवारणी व्हायची. एचएएल या सरकारी विमान कंपनीचं ‘बसंत’ हे खास शेतीसाठी केलेलं विमान १९७२ साली पहिल्यांदा उडालं. ऑस्ट्रेलियात तो धंदा आजही जोरात आहे आणि तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००१ ते २०१० मधले तारेला धडकण्याचे अपघात तपासले. त्यांतले शंभर शेतीच्या उड्डाणांतले होते आणि त्यांपैकी ६३ टक्के पायलटांना ती तार तिथे आहे हे धडकण्यापूर्वीच माहीत होतं. काम संपत आलं, डोकं पुढच्या शेतात गेलं, राहिलेला कोपरा उरकायला वळण बदललं, अशा वेळी माहीत असलेली तारच घात करते. तिथले जाणते पायलट फवारणी उरकल्यावरच्या सफाईच्या फेरीला सगळ्यांत जास्त घाबरतात. ड्रोनवर माणूस बसलेला नाही, पण रिमोट धरणारा तोच माणूस आहे. म्हणून आमच्याकडे हाताने उडवून “राहिलेला तुकडा” मारण्यावर बंदी आहे. प्लॅनमध्ये नसलेला तुकडा पंपाने.

आता ती पट्टी. मधल्या लाईनीचा शेतातला भाग ११० मीटर लांब धरा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर आणि तारांमधली रुंदी दोन मीटर, एकूण बावीस. गुणाकार केला तर सुमारे २४ गुंठे. चार एकरांतले २४ गुंठे ड्रोनने होत नाहीत हे ऐकून शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, पण त्याला इलाज नाही. ही पट्टी पाठीवरच्या पंपाने मारायची, आणि पंपाची लोखंडी लान्स, म्हणजे फवाऱ्याची लांब नळी, तारेकडे वर उचलायची नाही.

इथे एक चूक हमखास होते. ड्रोनसाठी एकराला दहा लिटर पाणी, पंपासाठी एकराला दोनशे. औषधाची एकरी मात्रा तीच. समजा लेबलवर एकरी १२० मिली आहे. ड्रोनच्या दहा लिटरमध्ये १२० मिली जातात, तर सोळा लिटरच्या पंपात ९.६ मिली. ड्रोनचं उरलेलं मिश्रण तसंच पंपात ओतलं तर वीसपट जहाल फवारा होतो आणि पट्टी करपते. २४ गुंठ्यांना एकूण ७२ मिली औषध, १२० लिटर पाणी, साडेसात पंप. बादली वेगळी, माप वेगळं. शेताला लागून बावखल, म्हणजे छोटं तळं असेल तर पंप तिथे धुवायचा नाही. त्या पाण्यावर गुरं येतात, मासे असतात.

एवढं करूनही ड्रोन तारेत अडकला तर काय, हे उडण्यापूर्वी तिघांनी एकदा मोठ्याने बोलून घ्यायचं. मोटर बंद करायच्या. कुणीही जवळ जायचं नाही, बांबू आणायचा नाही, दगड मारायचा नाही. खाचरात पाणी आहे हे लक्षात ठेवायचं. तार तुटून खाली पडली असेल तर जमिनीतून वीज पसरते, तेव्हा किमान दहा मीटर लांब, आणि आत असाल तर पाय न उचलता, एकमेकांना घासत सरकत बाहेर. “लाईट गेलीय, आता काढा” असं गाव म्हणतं. फीडर ट्रिप झाला की उपकेंद्रातून तो पुन्हा चालू करून बघतात, शेतीची थ्री-फेज वेळापत्रकाने येते, आणि कुणाच्या घरातला जनरेटरही उलटा पुरवठा करू शकतो. तेव्हा १९१२ ला फोन, पोलवरचा क्रमांक सांगायचा, म्हणून तो सकाळच्या फेरीतच लिहून ठेवलेला असतो. वायरमन येऊन लाईन बंद करून दोन्ही बाजूंना अर्थिंग लावेपर्यंत ती जिवंतच. खाली पडलेल्या बॅटरीलाही लगेच हात नाही. दबलेली लिपो (ड्रोनची लिथियम बॅटरी) काही मिनिटांनी पेट घेऊ शकते. माणूस, गुरं आणि गळणारी टाकी यांत अंतर ठेवायचं. अपघाताची नोंद ४८ तासांच्या आत सरकारी ड्रोन पोर्टलवर करावी लागते, आणि तृतीय पक्षाचा विमा आधीपासून असणं नियमानेच बंधनकारक आहे.

काम संपलं की पोलचे क्रमांक, डिस्क, ताणाचे बिंदू आणि सोडलेल्या पट्टीचा नकाशा शेताच्या नावाने ठेवतो. पुढच्या हंगामात तो हातात घेऊन परत चालायचंच, फक्त या वेळी नवीन काय आलंय ते शोधायला.

पैशांचं आधी ठरवावं. सोडलेली पट्टी ड्रोनच्या दरात धरत नाही, पंपाच्या माणसाची मजुरी शेतकऱ्याची. हा हिशोब आदल्या संध्याकाळी फोनवर झाला असेल तर सकाळी पंपवाला बांधावर हजर असतो. नसेल तर वाद बांधावर होतो, ती २४ गुंठ्यांची पट्टी तशीच राहते, आणि तुडतुडे तिथूनच फवारलेल्या भातात परत शिरतात.